चौमुही कोठीचा नवा सांधा

९ नोव्हेंबर

पोचले. गाडीला फक्त चाळीस मिनिटं उशीर झाला, म्हणजे हल्लीच्या मानाने ती वेळेवरच आली. दिवाकर मफलर गुंडाळून स्वतः स्टेशनवर उभा होता. माझा मावसभाऊ, वय सत्तर. आयुष्यात आम्ही भेटलो असू ते चारपाच लग्नांत. तरी दोन्ही बॅगा त्याने हमालाला हात लावू न देता ओढल्या. मी मनात त्याला शंभरपैकी सत्तर गुण दिले. नन्सच्या शाळेत वाढलेल्या बाईकडून याहून जास्त मिळत नसतात.

घर झाँशीच्या छावणीच्या हद्दीला लागून आहे. रिक्षावाल्याला ‘चौमुही कोठी’ म्हटलं की पुरतं. चार बाजूंना चार तोंडं, आणि चौघांची एकमेकांशी ओळख नाही. पुढची बाजू एका इंग्रज रेल्वे इंजिनियरने १८७९ साली बांधली: टोकदार कमानी, उभं उतरतं छप्पर, कडेला लाकडाची झालर. एखाद्या चर्चने निवृत्त होऊन बंगला व्हावं तशी. बारा वर्षांनी त्यानेच पूर्वेला इटालियन थाटाचा मनोरा चिकटवला, गोल कमानींचा. पुढे दिवाकरच्या आजोबांनी कोठी विकत घेतली आणि उत्तरेला बुंदेली छत्री, म्हणजे खांबांवरचा घुमट, चढवली. वडिलांनी पश्चिमेला सिमेंटचे ग्रीक खांब उभे केले. आणि आता दिवाकर मागच्या अंगणात काचेच्या भिंतींच्या दोन खोल्या काढतो आहे, पाहुण्यांना भाड्याने द्यायला. त्यातली एक माझी.

ठरलं आहे ते असं: परवानगीसाठी साऱ्या कोठीचा मोजून काढलेला नकाशा लागतो, तो मी करून द्यायचा आणि त्या बदल्यात मरेपर्यंत त्या खोलीत राहायचं. नागपूरच्या एका वास्तुविशारदाकडे मी छत्तीस वर्षं नकाशे काढले. रेघ माझी, सही साहेबांची. भाड्याची जागा सोडून आले, तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एक खोली अशी मिळते आहे की जिथून मला कोणी ऊठ म्हणणार नाही.

प्रेमलावहिनींनी दारातच हात धरले. “वन्सं, आता हे तुमचंच घर. तसल्लीने राहा.” वन्सं! हा शब्द मी आईच्या तोंडून ऐकला होता, त्यानंतर आज.

१३ नोव्हेंबर

मोजणी सुरू. टेप धरायला दिवाकरची नात स्वराली. वय अकरा, मराठी समजते सगळी, बोलते अर्धी. पोरगी हुशार आहे. टेपचं टोक झिजलेलं असतं, म्हणून एक इंचापासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा, हे तिला एकदाच सांगावं लागलं. दोनदा मोज, एकदा लिही, हे दहादा सांगावं लागलं. “मृदुलाआजी, तुम्ही इतकं डाँटता का?” म्हणाली. चुकीचं माप हे खोटं बोलण्याइतकंच पाप आहे असं आमच्या सिस्टर बर्नाडेट म्हणत, ते तिला ऐकवलं.

मिश्र शैलीवर माझा राग नाही. इंग्रजांच्या राणीच्या काळातल्या त्या लोकांनी सगळ्या जगाचे तुकडे आणून घरांना लावले, आणि काही घरं सुंदर झाली. पण तिथे एखादी रेघ सगळ्या बाजूंनी फिरते आणि ती घराला एकत्र धरते. इथे तशी रेघ आहे. छपराखालची कंगणी, म्हणजे पुढे आलेली ती पट्टी, चारही तोंडांवर अगदी एका पातळीत जाते. पाये चार काळांतले, विटा चार भट्ट्यांतल्या, चुना कुठे, सिमेंट कुठे, आणि कंगणी पाव इंचही हललेली नाही. ज्याने केली त्याला भेटायला आवडलं असतं.

१८ नोव्हेंबर

हे बरोबर नाही. नवी भिंत जुनीला जोडली की सांध्यावर तडा जातो. दोन पाये, दोन वयं. जमीन दोघांना सारखं खाली घेत नाही. छत्तीस वर्षांत मला एकही अपवाद दिसला नाही. या कोठीला तीन सांधे आहेत आणि तिन्हींवर केसाएवढीही रेघ नाही.

मिस्त्रीला विचारलं. हल्के त्याचं नाव, आजोबांपासून या कोठीची कामं यांच्याकडे. तो म्हणाला, “जिज्जी, जोड़ तो आदमी के नाप से बैठत है.” सांधा म्हणे माणसाच्या मापाने बसतो! असल्या गूढ बोलण्याने कामातला आळस झाकतात. मी तसं म्हटलंही.

देवघराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत. सगळ्यांत खाली इंग्रजीत पेन्सिलीने ‘मिस अ‍ॅडा, १८९१’. त्या इंजिनियरची बिनलग्नाची मेहुणी म्हणे, बहिणीकडे राहायला आली होती. मग ‘गोदूआत्या, १९३४’. मग ‘यमू, १९६२’.

यमूमावशी! माझ्या आईची आणि दिवाकरच्या आईची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, म्हणून झाँशीला बहिणीकडे गेली. आईकडे तिची पोस्टकार्डं होती. पहिल्यात चार ओळी ऐसपैस, मग अक्षर बारीक बारीक होत गेलेलं, शेवटच्यावर मुंगीएवढं. आई म्हणे, यमू सुखात आहे, तिला स्वतःची खोली मिळाली आहे. मी लहानपणी समजत होते की मावशी कार्डाची बचत करते.

वहिनींना विचारलं, मावशी कधी गेली? त्या पोळ्या लाटत होत्या. कधीच नाही, म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, म्हणजे झाली त्याला कित्येक वर्षं, कोण लक्षात ठेवतं. पण या घरात सगळ्यांच्या फोटोंना हार आहेत. मावशीचा फोटोच नाही.

२४ नोव्हेंबर

दिवाकरशी कडाक्याचं भांडण. नव्या खोलीच्या सांध्याला तडा गेला आहे, बोट आत जाईल एवढा. मी म्हटलं, जाणारच, एक इंचाची फट मोकळी सोड आणि वर तांब्याची पट्टी मार, जगभर असंच करतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, आपल्या कोठीत फट ठेवत नाहीत.

आपल्या! गाढवाला विटा विकत घेता येतात म्हणून ते स्थापत्यकार होत नाही, असं मी बोलले. वहिनी मान खाली घालून चहा ओतत होत्या. “वन्सं, चाय घ्या, ठंडी होते आहे.”

२९ नोव्हेंबर

नकाशा बंद होत नाही.

बाहेरून मोजलेली लांबी वजा आतल्या खोल्या वजा भिंतींची जाडी, याचं उत्तर शून्य यायला हवं. येत नाही. तीन ठिकाणी जागा उरते. मनोऱ्याच्या सांध्यात चौदा इंच रुंद, छत्रीच्या सांध्यात पंधरा, खांबांच्या सांध्यात तेरा. आठ वेळा मोजलं. स्वराली रडकुंडीला आली.

मग पट्टीने ठोकून पाहिलं. जमिनीपासून एका उंचीपर्यंत भिंत पोकळ वाजते, त्यावर भरीव. तीन सांधे, तीन उंच्या. त्या मी चौकटीवरच्या खुणांशी ताडून पाहिल्या.

जुळतात. योगायोग असणार. माझं शिक्षण असं झालं आहे की योगायोगाला आधी संधी द्यायची.

३ डिसेंबर

माझा वाढदिवस, आणि मी नव्या खोलीत आले. चौदा बाय बारा. उत्तरेचा उजेड, नकाशाच्या टेबलासाठी देवाने दिल्यासारखा. सकाळी मी बराच वेळ नुसती मधोमध उभी राहिले.

या घरात वाढदिवसाला एक चाल आहे. ओवाळून झालं की लाल धाग्याने माणसाची उंची घ्यायची आणि धाग्याला वयाइतक्या गाठी मारायच्या. इकडे याला वर्षगाँठच म्हणतात. उंचीचा भाग त्या इंजिनियरच्या घरातून आला असावा. चौकटीवर मुलं मोजायची इंग्रजांची सवय आणि बुंदेली गाठ, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली, कोठीसारखीच. सगळ्यांचे धागे देवघरात पितळी डब्यात असतात. स्वरालीने मला तिचा दाखवला, अकरा गाठींचा.

माझं माप घ्यायला हल्के आला. मिस्त्री कशाला, विचारलं. “काए जिज्जी, हमसें सूदो नाप कौन लैहै?” त्याच्याहून सरळ माप म्हणे कोण घेणार! आणि मूर्खाने चपला आणि अंबाड्यासकट मोजलं, वर धागा असा ताणला की पाच फूट तीन झाला. मला राहवलं नाही. चपला काढल्या, केस सोडले, भिंतीला टाचा टेकल्या, डोक्यावर काटकोनी गुण्या धरला आणि धागा न ताणता स्वतः कापून दिला. पाच फूट दीड इंच, मनातच नोंदलं. अगदी बरोबर.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवाकरच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माणूस आपण समजलो तेवढा वाईट नाही.

५ डिसेंबर

तडा बुजला. काल बोट जात होतं, आज नखही जात नाही. गिलावा नाही, नुसता मिटला. हल्केने कोनाड्याएवढी एक जागा ओल्या चुन्याने लिंपली आहे, बस.

८ डिसेंबर

पलंग आणि कपाट यांच्यामधून मी परवा सरळ जात होते. आज आडवं व्हावं लागलं. मोजलं. तेरा फूट चार इंच बाय अकरा सहा. टेप बदलून मोजलं. तेच. बाहेरून खोली चौदा बाय बाराच आहे.

दिवाकरला बोलावून टेप त्याच्या हातात दिला. त्याने आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुरुवातीला असं वाटतं, म्हणाला.

१० डिसेंबर

अकरा बाय नऊ.

चुना खरवडला, कर्कटकाच्या टोकाने. आत कोनाड्यात माझा धागा. त्रेसष्ट गाठी. ओढला, तर छातीत अशी कळ आली की जमिनीवर बसले. सोडला.

११ डिसेंबर

निघाले. एक बॅग, बाकी राहू दे. रिक्षा मानिक चौकापर्यंत गेली आणि माझ्या फासळ्यांवर दोन्हीकडून कोणी फळ्या दाबाव्या तसं झालं. भर बाजारात, इतक्या माणसांत, मला श्वास घ्यायला जागा नव्हती. रिक्षावाला घाबरून परत घेऊन आला. कोठी दिसली तसा श्वास आला.

वहिनी फाटकात उभ्या होत्या. आधी सांध्याकडे पाहून आल्या, मग मला विचारलं, बरं वाटतं का.

नागपूरला चारुताला फोन केला. छत्तीस वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला कधी कुठे बरं वाटलंय? इतकी मोठी खोली मिळाली तरी तक्रार!

१२ डिसेंबर

दिवाकर बोलला. खुर्ची आणून दारात बसला, कारण आत दुसरी खुर्ची मावत नाही. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. घर वाढवलं की कोणीतरी ते धरून ठेवावं लागतं, म्हणाला. मुलांच्या बायका, लेकी, यांना तर नाही ना तिथे ठेवता येत. त्यांना विचारणारं कोणी असतं. यमूमावशीला त्याच्या आईने स्वतः पत्र घालून बोलावून घेतलं होतं. त्यालाही वाईट वाटलं होतं तेव्हा, आठ वर्षांचा होता.

मी विचारलं, मीच का.

“तुला कायमची जागा हवी होती ना, मृदुला?” मग खुर्चीचा हात पुसत, “आणि खरं सांगू, तू इतकी कडू बोलतेस की तुझी वाट बघणारं मी कोणी शोधलं तरी सापडलं नाही.”

जाताना खुर्ची घेऊन गेला.

१३ डिसेंबर

आठ बाय पाच. हल्केला माझं सोन्याचं घड्याळ दिलं. तो तोंड फिरवून म्हणाला, कोनाडा रिकामा नाही ठेवता येत. एक धागा काढायचा तर दुसरा घालायचा, त्याच क्षणी. मग ओढताना दुखत नाही.

दुपारी सगळे जेवून लवंडले होते. देवघरातला डबा उघडला. दिवाकरचा धागा नाही, वहिनींचा नाही. त्यांनी उचलून ठेवले आहेत. पोरीचा कोणी घेईल असं त्यांना सुचलं नसावं; डब्यात एकच होता. अकरा गाठींचा.

मी नीट विचार केला. इथे नीट लिहून ठेवते. ती वाढत्या वयाची आहे. चार फूट सहा. सांध्याला पाच फूट दीड लागतं. वर्षाला अडीच इंच धरले तर तीन वर्षं. तीन वर्षांत काहीही होऊ शकतं. पोरीला विचारणारी माणसं आहेत, ते तिला सोडवतील. मला कोण सोडवणार?

माझा धागा जाळला.

१४ डिसेंबर

चौदा बाय बारा. चौदा बाय बारा! उत्तरेचा उजेड टेबलावर पडला आहे. मी नकाशाची शाई पूर्ण केली.

१५ डिसेंबर

स्वराली शाळेत गेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. काल ज्या फ्रॉकचा घेर पोटऱ्यांना लागत होता तो गुडघ्यावर आला आहे. तिच्या खोलीत पलंग दोन्ही भिंतींना लागतो म्हणून रडत होती. आजी, मापून द्या ना, म्हणाली. मला काम आहे म्हटलं.

तीन वर्षं नाही. कोठीला थांबायचं नाही, ती तिला ताणून —

१६ डिसेंबर

आता माझ्या खांद्याला लागते. रात्रीतून. हाडं वाजतात, मी भिंतीतून ऐकते. वहिनी देवापुढे डोकं आपटताहेत. त्यांना अजून कळलेलं नाही. मी सांगू शकते. एक वाक्य.

नाही सांगितलं. खोली सुंदर आहे.

१७ डिसेंबर

जेवणानंतर खुर्चीत डुलकी लागली. टाचेला काहीतरी हुळहुळलं, मग केसांना. डोळे उघडले तर स्वराली दारात उभी, माझ्याएवढी झालेली, हातात लाल धागा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने माझा टेप घेतला होता. “दोनदा मोजलं, आजी.”

तिला कुणी सांगितलं? कोणी नाही. सांधा पाहून तिने स्वतः शोधलं. मीच तर शिकवलं — उरलेली जागा कुठे जाते ते.

संध्याकाळ. सहा बाय चार. या वेळी भराभर —

१८ डिसेंबर

दार नाही.

रुंदी पंधरा इंच. उभी आहे. वही छातीशी, पेन्सिल दोरीने बांधलेली म्हणून राहिली. अक्षर बारीक काढावं लागतं. मावशीसारखं —

डोक्यावर एक फट. अर्धा इंच. तिथून उजेड येतो. हवा येते. तोंड वर केलं की येते. पोरीने मला खुर्चीत, वाकलेली असताना मोजलं. अर्धा इंच कमी. देवा, त्या अर्ध्या इंचासाठी —

दुपार असावी

हल्के बाहेर म्हणतो, तडा पुरता मिटला नाही. माप कम है. दिवाकर विचारतो आहे, किती कम? कोणाला माहीत नाही, माझा जुना धागा तर जळला. कोणाला कळणारही नाही. मी बोलायचं नाही. तोंड वर करून गप्प —

स्वराली रडत नाही. पुन्हा लहान झाली वाटतं, आवाज खालून येतो. तिच्या हातात नकाशाचा कागद सळसळतो आहे. माझा नकाशा. दिवाकरने सही केली, शाई वाळव म्हणाला.

तिची पावलं चौकटीपाशी गेली. पेन्सिल खरखरते, खूण करते आहे. मोठ्याने वाचते आहे.

मृदुलाआजी. पाच फूट एक इंच.

चूक. गप्प राहायचं. चूक —

नकाशावरही तेच लिहिते, म्हणते आहे. माझ्या नकाशावर, शाईने. पाच फूट एक. आणि सांधा बंद दाखवते, म्हणते, जो बंद नाही. छत्तीस वर्षांत माझ्या एका कागदावर खोटं माप —

गप्प. हवा. गप्प —

“आजी, बरोबर आहे ना?” भिंतीला तोंड लावून विचारते आहे. वर्गात विचारावं तसं.

मी ठोकलं. भिंतीवर. ओरडले. एक नाही, दीड, पाच फूट दीड, टाचा टेकवून मोज, दोनदा मोज म्हटलं होतं —

थँक्यू आजी, म्हणाली.

नव्या धाग्यावर कात्रीचा आवाज. उजेड बारीक होतो आ